आत उघडणारं दार

ते दार मयुरीनं हट्टानं बसवून घेतलं होतं. तिची सासू चांगुणाबाई हिला दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवं अंग गेलं. तेव्हापासून ती समोरच्या खोलीत, खिडकीखालच्या खाटेवर पडून असे. मयुरी पाण्याला गेली की उघड्या दारातून कुत्री शिरायची, बकऱ्या शिरायच्या. एकदा तर एका बकरीनं म्हातारीच्या हातातली भाकर ओढून नेली आणि ती नुसती "हाड, हाड" करत राहिली. मयुरीचा नवरा नागसेन अकोल्याला एका गोदामात कामाला होता, पंधरवड्यानं घरी यायचा. मयुरीनं त्याला फोन लावला.

"दाराचं काहीतरी कराच. उघडं ठेवलं तं जनावरं शिरतात, अन् कडी लावली तं आत्याबाईले कोंडल्यावानी होते."

मग संग्रामपूरहून मोतीराम वेल्डिंगवाला आला. त्यानं लोखंडी चौकटीत जाड जाळी बसवून दार केलं आणि त्याला स्प्रिंगच्या दोन बिजागऱ्या लावल्या. ढकललं की दार आत उघडायचं, सोडलं की आपोआप मिटायचं. ओटा अरुंद होता. दार बाहेरच्या बाजूला उघडलं असतं तर समोरचा माणूस खालीच गेला असता, म्हणून ते आत उघडणारं केलं. पहिल्यांदा मिटताना बोटभर फट राहू लागली.

"अजून आवळा ना, भाऊ," मयुरी म्हणाली.

मोतीरामनं बिजागरीच्या भोकात सळई घालून स्प्रिंग पिळली आणि पुढच्या भोकात खिळा अडकवला. दार धाडकन मिटलं. "आता बोटं सांभाळजा," तो म्हणाला. "सापडलं तं नख जाईल."

चांगुणाबाईला काही ते दार आवडलं नाही. दर खेपेला वाजलं की तिच्या छातीत धस्स व्हायचं. पण कुत्री यायची बंद झाली, बकऱ्या ओट्यावरूनच परत फिरू लागल्या, आणि हळूहळू तिलाही त्या आवाजाची सवय झाली.

गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. वरच्या अंगाला नाला, आणि नाला ओलांडला की डोंगर सुरू. मोहाची फुलं गळायला लागली की अस्वलं खाली उतरतात हे सगळ्यांनाच माहीत होतं. शेतात पावलं दिसायची, कोणाला पहाटे लांबून काळं काही हललेलं दिसायचं. पण उजाडायच्या आत ती डोंगराला लागायची. गावात कधी एकही शिरलं नव्हतं.

त्या सकाळी मयुरी दोन घरं सोडून असलेल्या नळावर पाण्याचा गुंड भरत होती. ऊन चांगलं वर आलं होतं. नाल्याकडून कुत्र्यांचा गलका ऐकू आला. तो जवळ जवळ येत गेला, आणि गल्लीच्या तोंडातून एक काळं धूड धावत आलं. डुक्कर असेल असं तिला वाटलं. मग त्याच्या अंगावरचे लांब झिपरे केस दिसले, पांढुरकं तोंड दिसलं. पाच-सहा कुत्री त्याच्या मागं लागली होती. अस्वल भिंतीला घासत आलं, पहिला जो ओटा लागला त्यावर चढलं आणि डोक्यानं दाराला धडकलं. दार आत उघडलं. अस्वल आत गेलं. त्याच्या मागं दार धाडकन मिटलं.

कुत्री ओट्याखाली थांबून भुंकत राहिली.

मयुरीच्या हातातला गुंड पडला. ती पळाली. घराकडे नाही, उलट्या बाजूला. पुष्पाबाईच्या घरात शिरली, दार लोटलं, वरची कडी लावली, खालची लावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. पुष्पाबाई भाजी निवडत बसली होती. तिचा नवरा हिंमतराव मिरचीच्या वाफ्यांना पाणी सोडून नुकताच आला होता.

"काय झालं व?" पुष्पाबाईनं विचारलं.

"अस्वल."

"कुठी?"

"घरात शिरलं."

"कोनाच्या घरात?"

त्या प्रश्नावर मयुरीला कळलं की आपण काय मागं टाकून आलो. तिनं दोन्ही कड्या काढल्या आणि आली तशी बाहेर धावली. मागून हिंमतराव ओरडला, "थांब! एकटी जाऊ नोको!"

ती दाराकडे गेली नाही, बाजूच्या खिडकीकडे गेली. गजांना धरून तिनं आत डोकावलं. खालीच चांगुणाबाई खाटेवर पडली होती, डोळे टक्क उघडे. खोलीत दुसरं काही दिसलं नाही. पण आतल्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता आणि मोठा, ओला फुसफुसाट. डबे खाली पडत होते. खोलीत ओल्या केसांचा, कुजलेल्या पाल्याचा असा एक घाण वास भरला होता.

"आत्याबाई," मयुरी कुजबुजली. "म्या इथीच हाओ. हलू नोका."

चांगुणाबाईचे ओठ हलले. झटक्यानंतर तिची जीभ जड झाली होती. घाई झाली की शब्द गोळा व्हायचे. "गू… गूळ," ती एवढंच म्हणाली.

गुळाची भेली चुलीजवळच्या डब्यात होती. अस्वलाला ती सापडली होती. मयुरीला वाटलं, बरं झालं, ती संपेपर्यंत तरी ते तिकडेच राहील. तिनं गजांतून हात घातला, पायाशी पडलेली गोधडी बोटांनी ओढत ओढत म्हातारीच्या गळ्यापर्यंत आणली. चांगुणाबाईनं आपल्या चालत्या डाव्या हातानं तिची बोटं धरली. म्हातारीचा हात थंडगार झाला होता.

तोवर गाव जमलं होतं. माणसं समोरच्या घरांच्या धाब्यांवर चढली होती, मोबाईल वर धरून उभी होती. हिंमतरावनं जंगल खात्याला फोन केला. जाळं घेऊन माणसं निघतील, पण यायला वेळ लागेल, असं उत्तर आलं. "दाराजवळ जाऊ नका, गर्दी करू नका."

"मांगचं दार?" हिंमतरावनं खिडकीशी येऊन खालच्या आवाजात विचारलं.

"आतून कडी लावेल हाये."

"मंग या जाळीच्या दाराच्या बिजागऱ्याच काढू."

"त्याबी आतूनच हायेत, काकाजी."

तेवढ्यात कोणीतरी धाब्यावरून दगड भिरकावला. तो मागच्या टिनावर खणखणत गेला. आत डबा आपटल्याचा आवाज झाला आणि अस्वल समोरच्या खोलीत आलं.

मयुरीनं ते इतक्या जवळून पाहिलं की त्याच्या नाकपुड्यांना लागलेला गूळ तिला दिसला. ते सरळ दाराकडे गेलं. उजेड तिकडूनच येत होता. त्यानं डोक्यानं दार ढकललं. दार बाहेर उघडत नव्हतं, चौकटीला आपटून तिथंच राहिलं. त्यानं पुन्हा ढकललं. मग मागच्या पायांवर उभं राहून पंजे जाळीवर ओढले. लोखंडावर नखांचा तो आवाज ऐकून समोरच्या धाब्यांवरची माणसं मागं सरली. आत यायला धक्का पुरला होता; बाहेर पडायला दार ओढायला हवं होतं, आणि ते त्या जनावराला कुठून कळणार? ते एकदा असं ओरडलं की चांगुणाबाईनं मयुरीच्या बोटांत नखं रुतवली.

मग ते दारापासून वळलं आणि खोलीत गोल फिरू लागलं. तिवईला धडकलं. दुसऱ्या फेरीत खाटेच्या पायाला घासून गेलं, तशी खाट हलली. तिसऱ्या फेरीत ते खाटेशी थांबलं आणि गोधडीला नाक लावून हुंगू लागलं. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. तिच्या छातीचा भाता बंद पडल्यासारखा झाला. मयुरीचा हात गजांतून आतच होता, अस्वलाच्या कानापासून वीतभर. तो मागं घ्यावा तर हालचाल होईल, ठेवावा तर… ती तशीच राहिली. अस्वल फुरफुरलं आणि पुन्हा दाराकडे गेलं.

जंगल खात्याच्या गाडीची वाट पाहण्यात अर्थ नव्हता, हे तिला तेव्हा कळलं. पुढच्या खेपेला ते नुसतं हुंगून सोडेल कशावरून?

"आत्याबाई, हात सोडा," ती म्हणाली. "म्या दार उघडतो."

म्हातारी हात सोडेना. मयुरीला तिची बोटं एकेक करून उकलावी लागली. त्या सकाळी तिला सगळ्यात जड काही गेलं असेल तर ते हे.

पुष्पाबाईच्या अंगणात शेवग्याच्या शेंगा तोडायचा लांब बांबू होता. मयुरीनं तो मागवून घेतला. दाराबाहेर एका अंगाला, बिजागऱ्यांच्या विरुद्ध बाजूला, पाण्याची सिमेंटची टाकी होती. तिच्यावर उभं राहून बांबू तिरपा घातला तर दार वरच्या टोकाशी ढकलता येत होतं आणि खालून वाट मोकळी राहत होती.

"काकाजी, लोकं हटवा," ती म्हणाली. "नाल्याकडची वाट खुली करा. कोनी दगड मारू नोका म्हनाव. कुत्रे हाकला."

"पोरी, खात्याचे लोक येऊ दे," हिंमतराव म्हणाला.

"बुढी मधात हाये, काकाजी."

तो काठी घेऊन लोकांवर धावला. "हटा बे! चूप बसा! तमाशा हाये का इथी?"

मयुरी टाकीवर चढली. पुष्पाबाई रडत होती, पण आली, आणि मागून तिच्या पदराचा शेव आणि कंबर घट्ट धरून उभी राहिली. बांबूचं टोक दाराच्या लोखंडी पट्टीला लावून मयुरीनं जोर दिला. दार हातभर आत गेलं, आणि टोक गुळगुळीत पट्टीवरून सटकलं. दार मिटल्याचा असा दणका झाला की आतलं अस्वल उसळून जाळीवर आलं. टाकीवरून तिला त्याचं उघडं तोंड दिसलं, आतले दात दिसले. "नोको व, उतर, उतर," पुष्पाबाई मागून म्हणत होती. उतरावं, पळावं, पुन्हा त्या दोन कड्या लावून उभं राहावं असं मयुरीला वाटलं.

तिनं बांबूचं टोक या वेळी जाळीच्या एका चौकोनात अडकवलं. अस्वल खोलीच्या मागच्या कोपऱ्यात जाईपर्यंत थांबली आणि मग अंगातला सगळा जोर लावून ढकललं. दार उघडू लागलं. जितकं उघडावं तितकी स्प्रिंग उलटी जोर करत होती, जणू आतून कोणी माणूस दार लोटून धरत होता. दार भिंतीला टेकलं तेव्हा तिचे दंड थरथरत होते.

अस्वल बाहेर आलं नाही.

उघडी चौकट समोर होती, ऊन आत पडलं होतं, आणि ते कोपऱ्यात उभं राहून त्या उन्हाकडे बघत होतं. मघाशी तिथंच तर त्याला मार बसला होता. मयुरीचे हात सुन्न होत चालले. बांबू वाकू लागला. "जाय ना," ती दातांतल्या दातांत म्हणत होती, "जाय ना रे बाबा."

तेव्हा आत काहीतरी खणकन पडलं. खाटेजवळचा पाण्याचा तांब्या तिवईवरून फरशीवर आदळला होता. अस्वल दचकलं, आणि दचकलं तसं उजेडाकडे सुटलं. बांबूखालून जाताना त्याचा खांदा बांबूला लागला. बांबू हिसकला, मयुरीचा तोल गेला, पदर पुष्पाबाईच्या मुठीत फाटला आणि ती टाकीवरून खाली हातावर पडली. काहीतरी मोडल्याचं तिला कळलं, पण दुखलं नाही. चार पावलांवर अस्वल थांबलं होतं. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. मग नाल्याच्या बाजूला त्याची पाठ दिसली, झुडपं हलली, आणि काही दिसेनासं झालं.

जंगल खात्याची माणसं दुपारी आली. त्यांनी नाल्यातली पावलं पाहिली, अस्वल डोंगराला लागल्याचं सांगितलं, घरातली नासधूस लिहून घेतली. हिंमतराव मयुरीला दवाखान्यात घेऊन गेला. मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं. ती परत आली तेव्हा दिवस कलला होता. नागसेन वाटेत होता. पुष्पाबाईनं घर धुऊन काढलं होतं, तरी तो वास गेला नव्हता. दार तिनं वीट लावून उघडंच ठेवलं होतं.

मयुरी उंबऱ्याशी बराच वेळ उभी राहिली. आत पाऊल टाकवेना. शेवटी चांगुणाबाईनंच हाक मारली, तेव्हा ती आत जाऊन खाटेच्या काठावर टेकली.

"तांब्या तुमीच पाडला ना?" तिनं विचारलं.

"हात कापे. लागला असन," म्हातारी म्हणाली. मग बराच वेळ जिभेशी झगडून, एकेक शब्द सोडवत तिनं पुढचं सांगितलं. "जाळीतून मले नळ दिसे. तू पळाली… तेबी दिसलं."

मयुरीनं मान खाली घातली. दिवसभर ज्याची भीती होती ते आता समोर आलं होतं. प्लास्टरमधला हात आता ठणकू लागला होता.

चांगुणाबाईनं आपला डावा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला.

"पाय चालले असते," ती म्हणाली, "तं म्याबी पळाली असती."