शेवट पटत नाही

इंग्रजीच्या मुलांनी अभ्यासाबाहेरही काहीतरी करावं, असं मिनेसोटातल्या त्या छोट्या कॉलेजात जो तो सांगायचा. कुणी नाटकात जायचं, कुणी वादविवादात. कॉरिन हॉगनने कॉलेजचं मासिक धरलं आणि तिसऱ्या वर्षी संपादक होऊन बसली. दर मंगळवारी तळ्याकाठच्या खोलीत आलेलं लेखन मोठ्याने वाचायचं आणि मग त्याची चिरफाड करायची. लेखक समोर बसलेला असला तरी त्याने तोंड उघडायचं नाही. इतरांनीही त्याला 'तू' म्हणायचं नाही, 'निवेदक' म्हणायचं. या नियमाचा कॉरिनला कोण अभिमान!

त्या मंगळवारी वेंडेल ऑस्टबीची कथा होती. दुसऱ्या वर्षाचा हा मुलगा कायम लाल टोपी घालून कोपऱ्यात बसायचा. कथेतला माणूस रोज वर्ग सुटले की गोठलेल्या तळ्यावर चालत जातो, रोज थोडा आणखी पुढे, आणि मागे फिरतो. मार्च संपत आला, बर्फ पातळ होत चालला, तरी जातोच.

"हा बाबा जातो कशाला, तेच कळत नाही," मासिकातलीच ब्रिटा म्हणाली. "आणि दर वेळी आपला परत! मला तर जांभया आल्या."

सगळे हसले.

"निवेदकाचं काही पणाला लागलंय असं वाटतच नाही," कॉरिन म्हणाली. "शेवट पटत नाही. त्याने मागे फिरायलाच नको."

वेंडेलने मान डोलावली आणि ते लिहून घेतलं.

गुरुवारी तो कॉलेजात कुठेच दिसला नाही. दुपारी त्याच खोलीत मासिकाच्या टेबलावर त्याची सुधारलेली कथा पडली होती. कॉफीचा घोट घेत कॉरिनने शेवटचं पान काढलं. आता माणूस मागे फिरत नव्हता.

"हं, आता जमलं," ती पुटपुटली. एक स्वल्पविराम सुधारायला तिने पेन्सिलही उचलली. मग सहज तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. हिवाळाभर बर्फावर उभ्या असणाऱ्या मासेमारीच्या झोपड्या केव्हाच काठावर ओढून आणल्या होत्या. तळ्यावर आता कुणी जात नव्हतं. तरी दूरवर वेंडेलची लाल टोपी हलत होती.

तिने पेन्सिल टाकली. अंगात कोट न चढवताच ती धावत सुटली.

"वेंडेल! छापतोय आम्ही कथा! पहिलीच, मागे फिरतो ती!"

बोलता बोलताच तिला स्वतःची किळस आली. पोरगा स्वतःच्याच जिवावर उठला होता आणि ही अजून कथेतच होती.

तो थांबला, पण वळला नाही.

ती बर्फावर उतरली. पायाखाली कट्कन वाजलं, तरी ती चालत राहिली.

"कथा गेली खड्ड्यात!" तिचा आवाज फाटला. "तू ये! वेंडेल, तू परत ये रे!"

आता तो वळला. तिला बर्फावर पाहून त्याने दोन्ही हात वर केले.

"कॉरिन! वेडी आहेस का? हलू नकोस, तिथे पातळ आहे!"

आणि तो तिच्याकडे धावत निघाला. दोघांच्या मधला बर्फ वितळून काळा पडला होता.