कान्छाचं नाव

टप्प!

खापरात मक्याचा पहिला दाणा फुटला आणि सगळे दचकले. गावातल्या पेन्शनर सुभेदारांनी पलटणीकडून आलेला कागद वाचून खाली ठेवल्यापासून घरात कुणी तोंडच उघडलं नव्हतं.

ब्रह्मदेशातल्या एका पुलापाशी लालमान थापानं पोटात गोळी लागलेली असताना पलटण पार होईपर्यंत एकट्यानं बंदूक चालू ठेवली, असं त्यात होतं. मरणोत्तर शौर्यपदक. विधवेनं छावणीत येऊन घेऊन जावं.

आणि लालमान थापा चुलीपाशी बसून कणसं सोलत होता. कागदावरचं नाव आधीच गावभर झालं होतं आणि गावानं चेष्टाही केली होती : "काय लालमान, तुझ्या तेराव्याला यायचं ना? दारू ठेव हां भरपूर!" तो हसला नव्हता.

चार वर्षांपूर्वी भरतीवाल्यानं छाती मोजून नाव लिहिलं ते याचंच. पण निघायच्या सकाळी हा तापानं फणफणलेला. मग धाकटा भाऊ उठला. "छाती तर दोघांची सारखीच आहे," असं म्हणत दादाच्या नावावर हसत हसत डोंगर उतरून गेला. अठरा वर्षांचा. त्याची बायको सुनकेसरी तेव्हा पोटुशी होती.

"सुभेदारकाका," सुनकेसरी म्हणाली, "साहेबांना सांगून नाव बदलून घ्या. मेले ते थोरले भाऊजी नव्हेत."

"वेडी की काय तू, सूनबाई? खोट्या नावानं भरती झाला म्हटल्यावर पदक काढून घेतील. गप्प राहा."

"पदक घेऊन काय करू? त्यांचं नावच नाही त्यावर."

"मग तू सांग ना!" सासू कडाडली. "घे बघू नवऱ्याचं नाव! घेतेस?"

सुनकेसरीनं मान खाली घातली; बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. गाव त्याला कान्छा म्हणायचं, धाकटा म्हणून. खरं नाव फक्त सासू घ्यायची, तेही रागावली की. सुनकेसरीला त्याला बोलवायचं असलं तर ती बांगड्या वाजवायची. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला असला तरी तो वळून बघायचा.

लालमान तिच्याशी कधी थेट बोलत नसे. थोरल्या दिरानं बोलायची रीतच नव्हती. तो आईकडे बघून म्हणाला, "आई, तिला म्हणावं, घे नाव. माझ्या नावावर त्यानं मरण घेतलं. निदान मेल्यावर तरी त्याचं त्याला मिळू दे."

सासू पदरात तोंड खुपसून रडायला लागली. नको मात्र म्हणाली नाही.

सुभेदारांना घेऊन तीन दिवस डोंगर उतरून ते छावणीत पोचले. साडेतीन वर्षांची लेक फुलसरा सुनकेसरीच्या पाठीवर. मैदानात शिपाई ताठ उभे. साहेबांनी मोठ्यानं वाचलं, "लालमान थापा!" गर्दीत उभ्या लालमाननं डोळे गच्च मिटले.

साहेब पदक घेऊन सुनकेसरीपुढे आले आणि काहीतरी बोलले. सुभेदार हलकेच म्हणाले, "साहेब विचारतात, लालमान थापाची बायको तूच ना? नुसती मान हलव, पोरी."

तिनं मान हलवली नाही. ती ओरडली,

"धनसूर! धनसूर थापा!"

साहेबांनी चमकून सुभेदारांकडे पाहिलं. म्हातारा घुटमळला, घाम पुसला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. साहेबांचा चेहरा कणवेनं भरून आला. त्यांनी पदक तिच्या चोळीवर लावलं, सलाम ठोकला आणि ते पुढच्या बाईकडे वळले.

"काय सांगितलंत त्यांना?" सुनकेसरीनं विचारलं.

"दुःखानं नवऱ्याला हाका मारतेय, असं." सुभेदारांना तिच्याकडे बघवेना. "खरं कळलं तर पेन्शन बंद होऊन पोरीच्या तोंडचा घास जाईल गं. कसं सांगू?"

सुनकेसरी खाली बसली. फुलसरा पाठीवरून उतरून समोर आली. तिनं गर्दीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग आईची हनुवटी धरली.

"आई, तू बाबांना हाक मारलीस ना? मग ते ओ का देत नाहीत?"