मी दाब काढून घेत नाही

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. काचेची एक नळी, पोटात थोडा पारा आणि दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा, एवढाच माझा संसार. रबरी फुगा दाबला की पारा वर चढतो, हवा सोडली की खाली येतो. याखेरीज मला काहीही येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण टेंभुर्णीत माझ्याबद्दल फार मोठा गैरसमज झाला आणि तो मला आजवर मोडता आला नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. एकाहत्तर साली मी रेल्वेनं जालन्याला उतरलो आणि तिथून एस.टी.च्या टपावर बसून टेंभुर्णीला आलो. शेजारी कोंबड्यांची पाटी होती. त्यांनी मला दोन ठिकाणी टोचून पाहिलं आणि नाद सोडला. तिथल्या दवाखान्यात साहेबराव डॉक्टरांनी मला पुसून टेबलावर ठेवलं, तेव्हा माझा ऊर अभिमानानं भरून आला. म्हणजे फुग्यात थोडी हवा राहिली होती.

एके दिवशी मल्हारीबाबा आले. वय साठ, खांद्यावर घोंगडी. त्यांच्याकडं चौऱ्याऐंशी मेंढ्या होत्या आणि प्रत्येकीचं तोंड त्यांना पाठ होतं. दिवसभर कोकरं वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडलेली असत. संध्याकाळी मेंढ्या परतल्या की बाबा एकेक कोकरू उचलून बरोबर त्याच्याच आईला लावत. परकं कोकरू आलं की मेंढी लाथ मारते. बाबांच्या हातून अशी लाथ कुठल्याच कोकराला बसली नव्हती.

बरोबर त्यांची लेक गोपिकाबाई होती. ती गावातच दिलेली. तिनंच त्यांना ओढून आणलं होतं.

"आबाचं डोकं गरगरून राह्यलंय, डाक्टरसाहेब. हे म्हणत्यात, जग फिरतंय, मी बराबर हाय."

डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला. पारा एकशे नव्वदवर गेला. बाबांना जरा पडू दिलं आणि पुन्हा मोजलं. या वेळी एकशे ऐंशी.

"दहा काढले की!" बाबा उठून बसले. "फुस्स करून निघाला. म्या ऐकला."

"बाबा, ती हवा होती. मशीन दाब काढत नाही, फक्त दाखवतं." डॉक्टरांनी गोळ्यांची पुडी पुढं केली. "ही रोज एक. दाब असाच राहिला तर मेंदूतल्या बारीक नळ्या खराब होतात. रक्त नीट पोचत नाही, आणि माणूस हळूहळू विसरायला लागतो. तुमचे वडील म्हातारपणी विसरायचे का?"

"लई. आपल्याच घरी येऊन पाव्हण्यासारखे बसायचे. आत्याबाई बी तशीच गेल्ती."

"मग ते थोडंफार तुमच्या रक्तात आलेलं असू शकतं. वडील काही बदलता येत नाहीत. दाब मात्र खाली आणता येतो."

"वडील कशाला बदलायचे? चांगले व्हते," बाबा म्हणाले आणि पुडी घेऊन गेले.

मग ते दर सोमवारी येऊ लागले. पट्ट्यासाठी दंड आपणहून पुढं करत, हवा सुटली की डोळे मिटून म्हणत, "आता हलकं वाटलं." दसऱ्याला त्यांनी मला हळदीकुंकू वाहिलं. कुंकू नळीवर नेमकं एकशे साठच्या आकड्यावर बसलं आणि पुढं दोन महिने डॉक्टरांना तो आकडा अंदाजानं वाचावा लागला. एवढा मान या टेबलावर कोणालाच मिळाला नाही. मी मात्र आतल्या आत ओशाळत होतो. पारा काही खाली यायला तयार नव्हता.

"गोळ्या संपल्या?" डॉक्टरांनी एकदा विचारलं.

"बराबर संपल्या. जमादाराला लई गुण आला."

"कोण जमादार?"

"आमचा एडका. लई टकरा द्यायचा. माझा दाब तर तुमचं मशीनच काढतंय, मंग गोळी वाया कशाला घालवायची? भाकरीत घालून त्याला चारली. आता बिलकुल साधू झालाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घालायचा विसरले. सहा महिन्यांच्या गोळ्या एका मेंढ्यानं खाल्ल्या होत्या. त्या दिवशी ते बाबांवर ओरडले, त्यांनी विनवण्या केल्या, पाटीवर नळ्यांचं चित्रसुद्धा काढलं. बाबांनी सगळ्याला मान डोलावली, आणि सोमवारी पुन्हा दंड पुढं केला.

मित्रांनो, मी ओरडू शकत नव्हतो. मी फक्त पारा वर नेऊन दाखवत होतो. वर, अजून वर. बाबांना वाटे, आज मशीननं जास्तच काढला.

पंच्याहत्तर साली गोपिकाबाई एकटीच आली आणि टेबलाचा काठ धरून उभी राहिली. "डाक्टरसाहेब, काल आबांनी मेंढीला दुसरीचं कोकरू लावलं. एक न्हाई, पाच. मेंढ्यांनी लाथा घातल्या. आबा तिथंच बसले, म्हनले, या मेंढ्या कोनाच्या?"

तेव्हापासून बाबा खरोखरच गोळ्या घेऊ लागले. लेक समोर बसून गिळवायची. पारा उतरला, एकशे चाळीसवर आला. पण गेलेली तोंडं परत आली नाहीत. पुढचं आणखी जाऊ नये, एवढ्यासाठीच आता ती गोळी होती.

त्याला आता चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात डॉक्टर गोपिकाबाईला म्हणाले, "आता तू बस." ती अडतीस वर्षांची. पारा एकशे सत्तरवर जाऊन थांबला. डॉक्टरांनी तिच्यासाठीही गोळ्यांची पुडी काढली. बाबा शेजारच्या बाकावर होते. ते उठले आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भिऊ नको, बाई. तू कोन्या गावची? हे मशीन लई गुणी हाय. सगळं काढून घेतं."

गोपिकाबाईनं डोळ्याला पदर लावला. मग त्याच पदराच्या टोकाला गोळ्यांची पुडी बांधली आणि वडिलांचा हात धरून निघून गेली.

मित्रांनो, ती गोळी घेते की नाही, मला माहीत नाही. गोळी गिळलेली दाखवणारी नळी माझ्यात बसवलेली नाही. तुमच्याही घरात कोणीतरी अशी पुडी आणून कोनाड्यात ठेवली असेल. तेवढं रोज विचारत जा. समोर बसा, पाण्याचा तांब्या हातात द्या, आणि घोट गळ्याखाली उतरेपर्यंत उठू नका.