शिक्षण: प्राथमिक

दवाखान्यात स्मृतिचाचणीचा फॉर्म मीच भरला. नाव थान शौगन, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण प्राथमिक. बाबा सहावी शिकलेत, हे लहानपणापासून त्यांच्याच तोंडून ऐकलेलं.

उन्हाळ्यात ते शेगडी तशीच चालू ठेवून तळ्यावर बदकांकडे गेले आणि पातेलं जळून कोळसा झालं. तेव्हापासून मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले होते. चांगशा शहरातल्या वृद्धाश्रमात खाटही बघून ठेवली होती. डॉक्टरांनी एकदा विसरण्याचा आजार आहे असं लिहून दिलं की बदकं विकायची आणि घराला कुलूप लावायचं.

बाबांना दिवस, महिना, गाव सगळं सांगता आलं. शंभरातून सात-सात वजा करत जाताना मात्र ते त्र्याण्णववरच अडले. एक वाक्य लिहा म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चष्मा विसरलो."

चष्मा खिशातून डोकावत होता. 

"तीसपैकी एकोणीस," डॉक्टर शे म्हणाल्या. "प्राथमिक शाळा झालेल्याला वीसच्या वर लागतात."

"बघा! मी सांगत नव्हते? आता हट्ट पुरे, बाबा."

बाबांनी चष्मा खिशात आत ढकलला. मग म्हणाले, "डॉक्टरबाई, जो शाळेतच गेला नाही त्याला किती लागतात?"

"सतराच्या वर."

"मग मी पास."

"काहीतरीच काय, बाबा!"

"शाळेची पायरीसुद्धा चढलो नाही, पोरी. तुझ्या आजोबांना शिकलेला जावई हवा होता. मारली थाप. पुढे ती निस्तरता येईना." त्यांचे कान लालभडक झाले होते.

डॉक्टरांनी शिक्षणाच्या रकान्यात खाडाखोड केली. "मग या वयाला हे ठीक आहे. वर्षभराने पुन्हा आणा."

मला रागच आला. घर सुटू नये म्हणून म्हातारा वाटेल ते बोलतोय, असं वाटलं. "मी कॉलेजातून चार वर्षं पत्रं पाठवली, ती कोणी वाचली मग?"

"पोस्टातल्या हू मास्तरांनी. दुसऱ्या वर्षी थंडीत लिहिलं होतंस, खोलीतल्या पोरी तुझ्या कापडी बुटांना हसतात. ते मी दोनदा वाचायला लावलं. मग चार बदकं विकली आणि चामड्याचे बूट पाठवले."

बूट मला आठवत होते. असं काही लिहिल्याचं मी साफ विसरले होते.

बाहेर येऊन वृद्धाश्रमाला फोन लावला आणि खाट नको म्हणून सांगितलं.