मिठीची तालीम

"हात एवढे वर नकोत. कुणीतरी पिस्तूल रोखलंय असं वाटतंय," टेलर म्हणाला.

वस्तादांनी हात थोडे खाली घेतले.

"आता कपडे वाळत घालतोयस असं वाटतंय."

"तू नुसता खोड्या काढू नकोस. जवळ ये."

वस्तादांच्या सलूनचं शटर अर्धं ओढलेलं होतं. शेजारच्या दुकानातला टेलर गळ्यात टेप अडकवून आरशासमोर उभा राहिला आणि वस्तादांनी श्वास रोखून त्याला मिठी मारली. मारली म्हणजे काय, छातीला छाती लागू न देता त्याच्या पाठीवर दोन्ही हात भरभर फिरवले.

"हे तू गिऱ्हाइकाचे केस झटकतोयस," टेलर म्हणाला. "मुलगी येतेय तुझी. जरा दम धर. पुन्हा कर."

वस्ताद सकाळपासून हवेत होते. दुपारच्या बसने लेक येणार होती. लग्नानंतर पहिल्यांदाच येत होती, आणि सोबत जावई आणि विहीणबाईही. एका गिऱ्हाइकाची दाढी पुरी झाल्यावर त्यांनी त्याच्या गालावर पुन्हा फेस चढवायला घेतला, तेव्हा टेलरनेच त्यांना शटर ओढायला लावलं होतं.

लग्न तिकडेच झालं होतं, लेकीच्या नोकरीच्या शहरात. तेव्हा वस्तादांचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून बायको एकटीच जाऊन आली. वस्तादांनी लग्न पाहिलं ते फोनवर. त्या घरातली माणसं एकमेकांना सारखी मिठ्या मारत होती. काका, मावशी, शेजारी, जो भेटेल तो. आणि त्या घोळक्यात त्यांची लेक विहीणबाईंच्या गळ्यात पडून खळखळून हसत होती. तेवढा तुकडा वस्तादांनी इतक्यांदा पाहिला की बायको म्हणाली, "अहो, झिजेल तो फोन."

त्यांच्या घरात कुणी कुणाला असं जवळ घेत नसे. राग होता म्हणून नव्हे, रीतच नव्हती. माया असली तर ती गरम गरम ताटात वाढायची. परीक्षा असली की शेजारच्या खोलीत खोकायचंसुद्धा नाही. ताप आला तर उशाशी बसून राहायचं. बोलायचं मात्र काही नाही. वस्तादांचे वडील त्यांच्या डोक्याला हात लावत ते केस कापताना, आणि तेव्हाही "मान खाली" एवढंच म्हणत. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. चालण्याची ढब येते तसं ते अंगात उतरलं होतं. परकी माणसं वस्तादांच्या वस्तऱ्यापुढे डोळे मिटून गळा ताणून धरत. अख्ख्या गल्लीची डोकी त्यांच्या हाताखालून गेली होती. पण लेक फ्रॉक सोडून मोठी झाली तेव्हापासून हे हात तिच्यापर्यंत कधी पोचले नव्हते. ती नोकरीसाठी निघाली तेव्हाही स्टँडवर ते इतकंच म्हणाले होते, "तिकीट नीट ठेव."

"आता बरं जमलं," टेलर त्यांच्या मिठीतून सुटत म्हणाला. "फक्त दात आवळू नकोस."

बस वेळेआधीच लागली. वस्ताद जवळजवळ धावतच पोचले. आधी उतरल्या त्या विहीणबाई. अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भरभक्कम. "हेच ना बाबा?" म्हणत त्यांनी कुणी ओळख करून द्यायच्या आत वस्तादांना कवेत घेतलं. वस्ताद खांबासारखे उभे. हाताचं काय करावं कळेना, म्हणून तो सवयीने वर गेला आणि विहीणबाईंच्या डोक्यामागे टेकला. त्यांच्या बोटांना कळलं, केस दाट आहेत पण टोकं फाटलीत. जावयानेही मिठी मारली. ती बरीच बरी झाली. तालमीचा उपयोग होत होता.

मग लेक उतरली. चेहरा थोडा भरला होता, बाकी तीच. दोन पावलांवर येऊन थांबली. या घरातली लेक जितक्या अंतरावर थांबते तितक्याच अंतरावर. टेलरने सांगितलेलं सगळं वस्ताद विसरले. तरी त्यांनी हात पुढे केले, दोन्ही, खूप वरही नाही आणि खाली तर नाहीच.

लेकीने त्या हातांकडे पाहिलं. मग खांद्यावरची बॅग काढून त्यांच्या हातात दिली.

"जड आहे हं, बाबा," ती म्हणाली.

"असू दे," वस्ताद म्हणाले, आणि बॅग घेऊन पुढे चालू लागले.

घरी एकच धांदल उडाली. खुर्च्या कमी पडल्या तर वस्ताद उंबऱ्यावर बसले. विहीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं की बायको पाण्याचा तांब्या घेऊन हजर. "अहो, मी मागितलं पण नव्हतं," त्या चकित होऊन म्हणाल्या. "आमच्याकडे गळ्यात पडून रडतील, पण तहान लागलीय हे ओरडून सांगावं लागतं." सगळे हसले. वस्तादही हसले. आनंद खरा होता. नुसती एक बोच होती, चपलेत खडा राहावा तशी.

विहीणबाईंच्या बोलण्याला खंड नव्हता. "ही पहिल्यांदा घरी आली ना, मी जवळ घेतलं तर लाकडासारखी उभी. मला वाटलं, मी आवडले नाही हिला. मग बघते तर काय, रोज संध्याकाळी मी यायच्या आत माझी औषधं काढून ठेवलेली, चष्मा पुसलेला. एक शब्द न बोलता. तेव्हा म्हटलं, अच्छा, या पोरीची मिठी ही अशी असते."

लेक ताटं उचलायच्या निमित्ताने उठली. वस्ताद जमिनीकडे पाहत राहिले.

जेवणानंतर लेक गच्चीवरचे कपडे काढायला गेली. "अहो, चादरी मोठ्या आहेत, तिला एकटीला घडी घालता येणार नाही," बायको म्हणाली. बायको अशी कामं कधी सांगत नसे. वस्ताद मुकाट्याने जिना चढले.

चादर खडखडीत वाळली होती. लेकीने दोन टोकं धरली, त्यांनी दोन. ताणून झटकली. पहिली घडी पडली.

"टेलरकाका कसे आहेत?"

"बरा आहे. सकाळी त्याला फार त्रास दिला मी."

"कसला?"

वस्तादांनी चादरीची कड बोटांनी सारखी केली. ती आधीच सारखी होती.

"स्टँडवर," ते म्हणाले, "मी हात बॅगेसाठी पुढे केले नव्हते."

लेक घडी घालायला एक पाऊल पुढे आली.

"मला कळलं होतं, बाबा."

"मग?"

"तिथं सगळ्यांना मारते मी मिठी. तुमचे हात बघितले आणि मला काही सुचेचना. बॅग दिली न् मग बसस्टँडभर स्वतःला शिव्या घातल्या."

वस्तादांना हसू फुटलं. तिलाही. खाली विहीणबाई कसली तरी गोष्ट मोठ्याने सांगत होत्या.

पुढची घडी घालायला दोघं आणखी एक पाऊल जवळ आले. आता तिने तिची टोकं त्यांच्या हातात द्यायची आणि खालची कड उचलायची, म्हणजे काम संपलं. तिने टोकं दिली. पण कड उचलायला वाकली नाही. तिने कपाळ त्यांच्या खांद्यावर टेकलं आणि तशीच उभी राहिली.

टेलरने शिकवलेलं वस्तादांना काहीही आठवलं नाही. हातात टोकं तशीच धरून त्यांनी ते हात तिच्या पाठीवर ठेवले आणि ते हलले नाहीत.

मधल्या मध्ये चादर चुरगळली. तिची घडी आता पहिल्यापासून घालावी लागणार होती.