मिस्त्रीची उजवी मूठ

मिस्त्रीला बोलता येत नव्हतं, तिथेच सगळं घोडं अडलं होतं. दिसायला दिसत होतं, ऐकायला येत होतं, आणि डोकं तर पूर्वीपेक्षा जोरात चालत होतं, कारण डोक्याशिवाय चालवायला दुसरं काही उरलंच नव्हतं. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली. उजवा हात पोटाशी मुडपून राहिला, त्याची मूठ कायमची वळलेली. जिभेवर एकच शब्द शिल्लक राहिला, 'झालं'. जन्मभर काम उरकलं की फडक्याला हात पुसत तो हेच म्हणायचा. आता भूक लागली तरी झालं, पाठ दुखली तरी झालं. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी, एखादाच शब्द मागे राहतो. घरची माणसं इतकी सरावली की त्या शब्दाकडे कुणी कानच देत नसे.

दुपारची वेळ. गॅरेजच्या दाराशी त्याची चाकाची खुर्ची लावून ठेवलेली. समोर उघड्या बॉनेटखाली मुलगा आणि मामा, म्हणजे मिस्त्रीचा मेहुणा, गाडी जोडत होते. उद्या सकाळी घाटातली शर्यत होती. वर्षातून एकदाच होणारी, आणि मुलगा तिच्यासाठी वर्षभर झोपेतसुद्धा गिअर बदलत होता. गाडी साधी, जुनी, टर्बोबिर्बो काही नाही. स्वतःच्या दमावर हवा ओढेल तेवढीच तिची ताकद. ही ताकद वाढवायला मुलानं वरून फुगीर असे हाय कॉम्प्रेशन पिस्टन घातले होते. पिस्टन वर फुगीर असला की हवा-पेट्रोल जास्त दाबलं जातं आणि दणका जास्त बसतो. इतकं सरळ गणित आहे. पण हे इंजिन उद्या घाटात फुटणार होतं आणि मुलाच्या जिवावर बेतणार होतं. हे जगात फक्त मिस्त्रीला माहीत होतं, आणि तो सांगू शकत नव्हता.

झालं होतं असं. झटका यायच्या आधी बापलेकांत कडाक्याचं भांडण झालं होतं. मुलगा म्हणायचा, पिस्टन बदलू. मिस्त्री म्हणायचा, काही गरज नाही, हेड घासू. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, त्यातच बसतात. त्याचा तळ थोडा घासला की ते खाली येतं, आत जागा कमी उरते, दाब आपोआप वाढतो. मिस्त्री हे तरुणपणापासून करत आला होता. मुलगा म्हणाला, तुमचा जमाना गेला, बाबा. मग काय, दोघंही हट्टाला पेटले आणि घरात अबोला सुरू झाला. बायको दोघांच्या मध्ये निरोप्याचं काम करून करून वैतागली.

आणि एक दिवस पोरगा बाहेर असताना मिस्त्रीनं चांगलं हेड मशीनवर चढवलं आणि गुपचूप घासून टाकलं. भरपूर घासलं. म्हटलं, बसवून दाखवतोच, मग बघू कुणाचा जमाना गेला. संध्याकाळी सांगायला म्हणून तो मुलाच्या खोलीच्या दारात गेलाही होता. मुलगा पलंगावर पडलेला. बापाला बघून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मिस्त्रीला वाटलं, राहू दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात पाय घसरल्यासारखा झाला आणि तो कोसळला. अबोला एका संध्याकाळपुरता धरला होता, तो जन्माचा गळ्यात पडला.

बाप अंथरुणाला खिळल्यावर मुलानं पिस्टन आणले. पोरगा निष्काळजी असता तर मिस्त्रीनं निदान त्याला मनात शिव्या तरी घातल्या असत्या. पण त्यानं सगळं बापानं शिकवलं तसंच केलं, अक्षर न चुकता. नव्या पिस्टनला व्हॉल्व्ह लागत नाहीत ना, हे बघायची या गॅरेजची एक रीत होती. पिस्टनच्या डोक्यावर लहान मुलं खेळतात ती मऊ माती थापायची, हेड बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं, हेड काढायचं आणि माती ब्लेडनं कापून बघायची. सगळ्यात पातळ जागी माती जेवढी उरली, तेवढीच आत फट. पण ही तालीम चांगल्या हेडवर करायची नाही, उगाच त्याच्या तळाला ओरखडे पडतात. त्यासाठी एक तडा गेलेलं जुनं हेड फळीवर ठेवलेलं होतं, त्याला सगळे म्हातारी म्हणायचे. नियम खुद्द मिस्त्रीचाच. म्हातारीवर तालीम, मग चांगलं हेड. दोन्ही हेडं सारखीच, फरक कसला पडतोय.

म्हातारीवर माती छान जाड निघाली. मुलगा खूश झाला. मग त्यानं फळीवरून चांगलं हेड काढलं, त्याचा चकचकीत तळ बघितला आणि मामाला म्हणाला की बाबांनी बघ, आजारी पडायच्या आधी कसं साफ करून ठेवलंय. मिस्त्रीनं ते हेड ओळखलं. घासलेलं हेड आणि वर फुगीर पिस्टन. हातानं फिरवताना कळणारही नाही, केसाएवढी फट असेल. पण घाटात पोरानं अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॉल्व्ह जरा मागे रेंगाळणार आणि पिस्टन त्यांना गाठून धडकणार. इंजिन जाम, चाकं जाम, आणि पुढे वळण.

तेव्हापासून जिवाचा आटापिटा चालला होता. डावा पंजा आडवा धरून त्यानं घासल्याची खूण करून दाखवली. बायकोला वाटलं, टेबलावर धूळ दिसतेय. तिनं टेबल पुसलं. पुन्हा केली तर मामा म्हणाला की भाऊजींची मांडी अवघडलीय, आणि मांडी चोळायला बसला. मिस्त्रीनं त्याचा हात झटकला. मामाला राग आला नाही, उलट गहिवर आला, आणि तो दुप्पट जोरानं चोळू लागला. मग मिस्त्रीनं खुणेनं कागद मागून घेतला. डाव्या हातानं कोंबडी नाचल्यासारख्या रेघा उमटल्या. बायकोनं तो कागद उलटसुलट करून बघितला, डोळ्यांना पदर लावला आणि घडी घालून कपाटात ठेवून दिला. माया म्हणून ठेवला. मिस्त्रीला वाटलं, आता भिंतीवर डोकं आपटून घ्यावं.

आता इंजिन बसलं होतं. ठिणगी पाडणारे प्लग तेवढे काढलेले होते, कारण पहिल्यांदा चालू करायच्या आधी प्लगविना नुसतं फिरवून सगळीकडे तेल पोहोचवायचं असतं. ते झालं. मुलगा आणि मामा मागच्या नळावर हात धुवायला गेले. आल्यावर प्लग लावणार आणि किल्ली फिरवणार. एकदा चालू झालं की संध्याकाळी गाडी घाटाच्या पायथ्याशी न्यायची होती.

मिस्त्रीनं डाव्या पायानं रेटत खुर्ची गाडीला भिडवली. मडगार्डवर कार्बोरेटरच्या पितळी जेटचा डबा होता, पेट्रोल मोजून सोडणारे हरभऱ्याएवढे छोटे छोटे जेट. त्यानं मूठभर उचलले. थोडा वेळ ते नुसतेच हातात धरून बसला. गॅरेजमध्ये नवा पोरगा कामाला लागला की मिस्त्री त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचा, उघड्या इंजिनात काही पडलं तर तुझी माझी ओळख संपली. त्यानं हातातले जेट एकेक करून उजव्या मेलेल्या मुठीत कोंबले, एकच मागे ठेवला. मग कोपरानं डबा ढकलून दिला. उरलेले जेट खणखणत फरशीभर पांगले. मिस्त्री डाव्या पायावर कसाबसा उठला, मडगार्डवर छाती टाकली आणि वाट बघत राहिला. पोरगा दारात येऊन त्याच्याकडे बघेपर्यंत थांबला. मग त्याच्या डोळ्यांदेखत त्यानं तो जेट प्लगच्या भोकात सोडला.

"बाबा!" पोरगा ओरडला.

मिस्त्री खुर्चीत कोसळला. मामा कपाळाला हात लावून उभा. लोहचुंबक आणला, पण पितळेला चुंबक काय करणार. मग मामानं तारेच्या टोकाला ग्रीस फासून भोकात फिरवली आणि खूप खटपटीनंतर एक जेट चिकटून वर आला. मामाचा चेहरा उजळला. पण मुलगा फरशीवर विखुरलेल्या जेटकडे बघत होता. एकच पडला असं कुणी सांगावं?

तो बापासमोर उकिडवा बसला. किती टाकलेत, त्यानं विचारलं. एकच का? की दुसऱ्या भोकातही टाकलेत? मान हलवून होय-नाही सांगणं मिस्त्रीला जमत होतं, आणि हे पोराला माहीत होतं. मिस्त्रीनं मान हलवली नाही. पोराच्या डोळ्यात डोळे घालून तो दगडासारखा बसून राहिला. असं बसणं किती कठीण होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मुलगा झटकन उठला. "अजून तोच राग आहे ना? तुमचं ऐकलं नाही म्हणून पोराची शर्यत बुडाली तरी चालेल. आजारी बाप म्हणून मी तुमचं सगळं काढतो, आणि तुम्ही..." आतून आई धावत आली आणि काय झालं ते कळल्यावर नवऱ्याकडे अशी बघत राहिली, जणू हा माणूस तिनं आज पहिल्यांदा पाहिला. मामा हळूच तिला म्हणाला की भाऊजींचं डोकंही गेलं वाटतं आता. मिस्त्रीनं तेही ऐकलं.

इंजिनात आणखी काही असेल, अशी नुसती शंका असताना किल्ली फिरवणारा मेकॅनिक अजून जन्माला यायचाय. मुलानं पाना उचलला आणि न बोलता हेडचे बोल्ट सोडायला लागला. हेड निघालं. सगळ्या पिस्टनच्या डोक्यांवर बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. आत काही नव्हतं. एकसुद्धा जेट नव्हता. मुलगा तिथेच फरशीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. हेडखाली सांधा बंद करायला बसवतात ते पातळ गॅस्केट एकदा दाबलं गेलं की वाया जातं, आणि दुसरं मिळेपर्यंत शर्यत होऊन जाणार होती.

मिस्त्री खुर्ची रेटत फळीपाशी गेला. मातीचा डबा मांडीवर घेऊन आला. एक गोळा तोडला आणि गाडीपर्यंत हात पुरेना म्हणून तो पोराच्या हातात कोंबू लागला. झालं, म्हणाला. झालं, झालं. पोरगा चिडून म्हणाला की हे सगळं केलंय, म्हातारीवर केलंय, तुम्ही समोरच होतात. मिस्त्रीनं जमिनीवर ठेवलेल्या चांगल्या हेडकडे बोट दाखवलं आणि तसंच धरून ठेवलं.

पोरानं हरून माती थापली, नुसती बापाची समजूत काढायला. चांगलं हेड बसवलं, इंजिन फिरवलं, पुन्हा काढलं. माती कापायला ब्लेड घेतलं, पण कापायची गरजच पडली नाही. व्हॉल्व्हच्या ठशाखाली मातीतून पिस्टनची चमक दिसत होती.

मुलानं फळीवरून म्हातारी काढली, दोन्ही हेडं शेजारी शेजारी ठेवली आणि जाडी मोजायचा कॅलिपर लावला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"त्या दिवशी घासलंत," मुलगा म्हणाला. "संध्याकाळी दारात आला होतात, ते हेच सांगायला."

मिस्त्रीनं होय म्हणून मान हलवली.

मुलगा उठला आणि बापाच्या पायाशी येऊन बसला. आई गॅरेजच्या दारात उभी होती, तिनं आत यायला पाऊल उचललं आणि परत मागे घेतलं. त्यानं बापाचा हात धरला, नेमका उजवा, मेलेला. मुठीत काहीतरी टोचलं. त्यानं एकेक बोट धरून हळूहळू उलगडलं. आत घामानं चिकटलेले पितळी जेट होते, मूठभर. मोजले तर कमी भरावेत आणि पोराला आत आणखी असल्याची शंका यावी म्हणून लपवले होते, पण इंजिनात टाकायला एकाच्या पुढे हात धजावला नव्हता. पिस्टन नवे होते, आणि पोरानं ते फार हौसेनं आणले होते.