काळ्या पट्टीखालचं नाव

कोरीन हॅचर जळकी होती. हे तिच्या शत्रूंनी नव्हे, सख्ख्या बहिणीनं म्हटलेलं, आणि कोरीननं ते कधी नाकारलंही नाही. हॉटेलात वाढणारीशी नवरा जरा गोड बोलला की हिची भूक मेलीच म्हणून समजा. वेंडेल दिसायला बेताचा, कान बाहेर आलेले, तोंडातून शब्द काढायचा तर चिमटा लावावा लागेल असा. पण तिच्या मते ओक्लाहोमातल्या झाडून सगळ्या बायका त्याच्यावर टपून बसलेल्या होत्या.

जुलैतल्या त्या दुपारी जवळच्या लष्करी तळावर तोफांचा सराव चालला होता आणि फडताळातल्या बश्या किणकिणत होत्या. लॉटन गावात त्याकडे कुणी लक्ष देत नाही. वेंडेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फूटपट्टी घेऊन बसला होता. पुढ्यात दोनशे पानांची फाइल. चौकशीचे कागद अर्ज करून मागवले होते ते आज आले होते, आणि त्यातली सगळी नावं काळ्या पट्ट्यांनी बुजवलेली होती.

पंधरा वर्षांपूर्वी तो कॅप्टन होता, सहा तोफा त्याच्या हुकमात होत्या. हाताखालच्या एका बाई सार्जंटशी त्याचे नको ते संबंध आहेत अशी तक्रार झाली. लष्करी खटला उभा राहणार म्हटल्यावर त्यानं राजीनामा दिला, आणि सेवामुक्तीच्या कागदावर शेरा पडला : ‘सन्मानास पात्र नाही’. त्या एका शेऱ्यापायी माजी सैनिकांचं इस्पितळ त्याचे तोफांनी गेलेले कान तपासत नव्हतं, नोकरीच्या प्रत्येक अर्जात खुलासा करावा लागे, आणि मेल्यावर पेटीवर झेंडासुद्धा मिळणार नव्हता. कॅप्टन हॅचर आता फरश्यांच्या दुकानात मापं घेत होता. शेरा बदलून मागायला पंधरा वर्षांची मुदत असते. ती संपायला दोन महिने असताना त्यानं फेरविचार मंडळाकडे अर्ज केला होता.

“इंग्रजीत पंधरा अक्षरं,” वेंडेल म्हणाला. “तक्रारीखालची ही पट्टी बघ. मोकळी जागा आणि टिंब धरून रसेल बी. ओडम. बरोब्बर पंधरा! मी पहिल्यापासून म्हणत होतो ना?”

“पंधरा अक्षरांची नावं ढीगभर असतील.”

“कुणाची? सांग की एक.”

कोरीन पाठमोरी राहून गॅसवरची ग्रेव्ही ढवळत राहिली. ती पट्टी तिनं मघाशीच मोजली होती, तो आंघोळीला गेला होता तेव्हा. कोरीन हॅचर. इंग्रजीत लिहिलं तर मधली मोकळी जागा धरून पंधरा.

रसेल ओडम हा वेंडेलचा जिवलग मित्र, लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला. त्या सार्जंटकडचं येणंजाणं एकट्या ओडमला ठाऊक होतं, म्हणून तक्रार त्याचीच असं धरून तेव्हापासून वेंडेलनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. दर नाताळला ओडमचं कार्ड येई आणि न उघडताच कचऱ्यात जाई. कोरीन ते टाकताना बघे आणि गप्प बसे. पहिल्या वर्षी भीती वाटली म्हणून, दुसऱ्या वर्षी उशीर झाला म्हणून. पुढे गप्प बसायला कारणही लागेना.

तेव्हा झालं होतं असं. दर गुरुवारी वेंडेल उशिरा घरी येई. कुठे होतास, तर काम होतं. एकदा तिनं गाडीतून पाहिलं, त्याचा ट्रक सार्जंट मार्वा टिलमनच्या दारात उभा. त्या रात्री धुण्यात त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर जांभळा डाग सापडला. पुढच्या गुरुवारी पुन्हा. ओठांना असला भडक रंग लावणारी बाई कशी असेल याचं चित्र तिनं रंगवलं, लिंबू लावून डाग घासला आणि नवऱ्याला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं आणि त्यानं हो म्हटलं तर?

तिनं विचारलं ते भलतीकडेच. पलटणीतल्या अधिकाऱ्यांच्या बायका महिन्यातून एकदा कर्नलच्या बायकोकडे कॉफीला जमत. मिसेस लिंडक्विस्ट स्वतः किटली घेऊन ओतायच्या आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते कपागणिक काढून घ्यायच्या. कोरीन त्यांच्यापाशी रडली.

“वेडी कुठली! त्या बाईची बदलीच करून टाकू,” त्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “मला फक्त चार ओळी लिहून दे. बायकाबायकांतलं आहे, बाहेर जाणार नाही.”

कोरीननं लिहून दिल्या. बाहीवरच्या डागासकट. बदली मार्वाची होईल, नवरा घरी राहील, एवढाच तिचा हिशेब. पण कर्नलच्या हातात सहीचा कागद पडला की चौकशी लावणं त्याला भाग असतं. कॉफीच्या टेबलावर कागद देऊ नये हे तिथल्या जुन्या बायकांना पक्कं ठाऊक होतं. कोरीन दूर उत्तरेतल्या व्हरमाँटहून आलेली, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. खटल्यात बायकोला सगळ्यांदेखत बसावं लागू नये म्हणून वेंडेलनं कागद न बघताच राजीनामा दिला. तो तिला वाचवायला निघाला होता, बिचारा.

जिल्हा कचेरीत माजी सैनिकांचे अर्ज भरून देणारे म्हातारे मिस्टर स्टकी होते. दुसऱ्या दिवशी हॅचर नवराबायको गेली तेव्हा त्यांनी फाइल चाळली.

“टिलमनबाई सापडल्या बरं का. साक्षीला यायला तयार आहेत. इथं विचिटा फॉल्सलाच असतात.”

“विचिटा फॉल्स?” कोरीन ताडकन म्हणाली. “एक तासावर? पंधरा वर्षं?”

“मला काय माहीत ती कुठे राहते?” वेंडेल म्हणाला.

“अहो, भांडण घरी करा,” स्टकी म्हणाले. “पण एक सांगतो. मंडळ त्यांचं ऐकून घेईल आणि म्हणेल, आरोप ज्यांच्यावर, त्याच ह्या बाई. त्या नाहीच म्हणणार. खरी गोष्ट फिरेल ती तक्रार करणारानं तक्रार मागं घेतली तर. हे ओडम कुठे असतात?”

“डंकनला,” वेंडेल म्हणाला. “पण मी त्याच्या दारात जाणार नाही. शेरा तसाच राहिला तरी चालेल.”

कोरीननं पर्सचा बंद नुसता उघडला आणि लावला.

मार्वा रविवारी येणार होती. कोरीननं शनिवारी केस सेट करून घेतले, नवे पडदे लावले, पिठात घोळवून कोंबडी तळली. दारात उतरली ती गुडघ्याच्या ऑपरेशननंतर काठी टेकत चालणारी, गळ्यात दोरीला चष्मा अडकवलेली जाडजूड बाई. ओठांना रंग म्हणून नाही. हिच्यासाठी मी पंधरा वर्षं जळले? कोरीनला चक्क हलकं वाटलं. तेवढ्यात मार्वा म्हणाली, “साहेब, कान अजून तसेच आहेत हो, कपासारखं धरून उचलावं असे,” आणि वेंडेल खदखदून हसला. असं हसणं त्या घरानं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. कोरीन पुन्हा पेटली.

जेवणानंतर मार्वानं सोबत आणलेली पिशवी टेबलावर ओतली. चवळीच्या शेंगा, इकडे दक्षिणेत पिकतात तसल्या, गडद जांभळ्या सालीच्या.

“माझी आई म्हणायची, बोलायचं असेल तर हाताला काम हवं. आमच्या मागच्या पायरीवर साहेब दर गुरुवारी हेच करायचे, मॅडम. परात मांडीवर घेऊन शेंगा सोलायचे.”

“हा? आणि शेंगा?” कोरीन म्हणाली. घरात त्यानं कधी बटाटा सोलला नव्हता.

“सोलायचे आणि बोलायचे. इराकमधलं. त्यांच्या तोफेचा एक गोळा ठरल्या जागेच्या अलीकडे पडला, आपल्याच सैन्यातली तीन पोरं गेली. माझा नवरा तसंच काही घेऊन परत आला होता आणि न बोलता मेला. म्हणून मी साहेबांना म्हटलं, माझ्याकडे बोला, पण बोला. चौकशीत मी एवढंच सांगितलं की संबंध नव्हते. बाकीचं सांगू नको असं साहेब म्हणाले होते. त्यांना झोप येत नाही असं वर कळलं असतं तर तोफा काढून घेतल्या असत्या. माझी बाहीवरची एक फीत गेली त्यात, हुद्दा उतरला. असो.”

वेंडेल मान खाली घालून शेंगा सोलत होता, झरझर, सवयीच्या हातानं. कोरीनला रडू आलं, पण ते दयेचं नव्हतं. ती समजत होती ते झालं असतं तर बरं होतं. अंगाचं असतं तर माफ तरी करता आलं असतं. तो उशीशेजारी मेल्यासारखा पडून राहायचा, आणि ती तीन पोरं त्यानं ह्या बाईच्या पायरीवर नेऊन ठेवली होती.

वेंडेल साली टाकायला मागं गेला. मार्वानं चष्मा चढवून तक्रारीचं पान वाचलं. ‘बाहीवर दर गुरुवारी जांभळा डाग’ या ओळीवर ती थांबली. तिनं आपला अंगठा बघितला. सालीनं जांभळा झाला होता.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “साहेब माझ्याकडून थेट घरी यायचे. ओडमसाहेबांना बाही दिसणार कशी? घरात धुणं कोण धुतं?”

तोफांचा आवाज आला, बश्या किणकिणल्या.

“धुण्याचा विचार पुरुषाच्या डोक्यात येत नाही,” मार्वा म्हणाली. “मी सांगणार नाही. मला साक्ष माझ्यापुरती द्यायची आहे. पण फूटपट्टी घेऊन तो माणूस आणखी किती वर्षं बसणार, ते तुम्ही ठरवा.”

सुनावणी ऑगस्टमध्ये झाली. कचेरीतल्या एका खोलीत मोठा पडदा, पडद्यावर मंडळाचे पाच जण, समोर वेंडेल जुन्या कोटात. बाजूला मार्वा. कोरीन मागच्या खुर्चीवर. मार्वानं सगळं सांगितलं. ती बोलताना वेंडेल तिच्याकडे बघत होता, आणि कोरीन त्याचं ते बघणं बघत होती.

पडद्यावरचे अध्यक्ष म्हणाले, “आपल्याबद्दल आदर आहे, सार्जंट. पण मूळ तक्रारीत नेमका तपशील आहे. डाग. तो कुणी कशाला रचेल? तक्रारदाराचं काही निवेदन आहे?”

“नाही, सर,” स्टकी म्हणाले.

“आहे,” कोरीन उभी राहिली. खुर्ची मागे पडली. “डाग शेंगांचा होता. मला शेंगा माहीत नव्हत्या. ती तक्रार माझी आहे.”

“आपलं नाव?”

“कोरीन हॅचर.” तिनं वेंडेलपुढच्या फाइलकडे बोट दाखवलं. “पट्टीत बरोबर बसतं. मोजून बघा.”

वेंडेल वळला नाही. त्याची मान फक्त ताठ झाली.

“आपण असं का लिहिलंत?” पडद्यावरच्या एका बाई अधिकाऱ्यानं विचारलं.

“जळत होते म्हणून. मी कुणाला काही करताना पाहिलं नाही. ट्रक पाहिला आणि बाही पाहिली, बाकी सगळं माझ्या डोक्यातलं.” मग कुणी विचारलं नसताना ती म्हणाली, “आणि मी आजही जळते. तो हिच्याशी बोलला. माझ्याशी नाही.”

घरी जाताना वेंडेलनं ट्रक घराकडे वळवलाच नाही. डंकनच्या रस्त्यावर त्यानं बोलायला सुरुवात केली, समोर बघत, अहवाल वाचावा तसा. तारीख, तोफेचा क्रमांक, चुकलेला आकडा, तीन पोरांची नावं, त्यांची गावं. तीस मैल. पंधरा वर्षं तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं, आणि त्यात ऊब म्हणून नव्हती.

“झालं,” ओडमच्या दारापाशी तो म्हणाला. “आता तुझ्यापाशीही आहे. मिटव तुझं जळणं.”

तो उतरला. दार उघडून टक्कल पडलेला एक माणूस बाहेर आला आणि दोघं नुसते उभे राहिले. ओडमनं आधी हात पुढे केला. कोरीन ट्रकमध्ये दोन तास बसली. आत ये असं कुणी म्हटलं नाही, आणि तिनंही अपेक्षा केली नाही.

मंडळाचं पाकीट नोव्हेंबरात आलं. शेरा बदलला होता : ‘सन्मानपूर्वक’. वेंडेलनं तो कागद फ्रिजवर लावला आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळात कान तपासायला गेला. कोरीनशी तो मीठ दे, बिल भर, एवढंच बोलत होता. दर गुरुवारी मात्र टोपी घालून दारात सांगे, “मार्वाकडे चाललोय,” आणि निघून जाई. लपवाछपवी नाही, त्यामुळे आता तिला संशयही घेता येत नव्हता. संशय घेता न येणं हे संशयापेक्षा जड होतं. तो हिवाळा तिनं खिडकीशी काढला.

पुन्हा शेंगांचे दिवस आले. एका गुरुवारी तो दारात थांबला. किल्ल्या हातात खुळखुळवत राहिला.

“यायचं असेल तर चल. पण तिथं सोलाव्या लागतात. आणि मधे बोलायचं नाही, ऐकायचं.”

तिनं ग्रेव्ही तशीच टाकून गॅस बंद केला.

मार्वाच्या मागच्या पायरीवर जागा तिघांपुरती होती, ओडम आला तर त्यानं खुर्ची आणावी. वेंडेल बोलू लागला. अहवालासारखं नाही, अडखळत, मधेच थांबून. एका पोराला केळ्याचं पुडिंग फार आवडायचं, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. ती मधे बोलली नाही. अंगठे जांभळे होईतो सोलत राहिली.

परात मध्ये होती. थोड्या वेळानं कोरीनच्या लक्षात आलं, परात मार्वाच्या बाजूला जरा जास्तच सरकलीय. तिनं वेंडेलकडे पाहिलं, मार्वाकडे पाहिलं, आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून परात हळूच आपल्याकडे ओढून घेतली.